मालकाचा विमा नाही? तरी कामावरच्या अपघाताची भरपाई मिळते, ती अशी

"आमचा विमाच नाही, तर भरपाई कुठून देऊ?" माणसाचा हात यंत्रात गेला की मालकाच्या तोंडून निघणारं हे पहिलं वाक्य. कामगारांचे अर्ज लिहून द्यायला लागल्यापासून ते मी जिनिंगवाल्यांकडून ऐकलं, डाळ मिलवाल्यांकडून ऐकलं, विहिरीचं काम घेतलेल्या एका ठेकेदाराने तर हात जोडून म्हटलेलं ऐकलं. वाईट याचं वाटतं की समोरचा कामगारही मान डोलावतो. त्यालाही वाटतं, विमा नाही म्हणजे विषय संपला.

तसं नाही. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, ही जबाबदारी १९२३ च्या कायद्याने त्याच्या डोक्यावर टाकलेली आहे. ती भागवायला त्याने विमा काढायचा की स्वतःच्या खिशातून द्यायचं, हा त्याचा प्रश्न. तुमचा हक्क विम्यावर उभा नाही.

फरक पडतो तो शेवटच्या टप्प्यात. विमा कंपनी असेल तर निकालानंतर बहुतेक वेळा धनादेश येतो. विमा नसलेल्या मालकाकडून निकालाचे पैसे वसूल करावे लागतात, आणि तोवर त्याने प्लॉट मुलाच्या नावावर केलेला असतो. म्हणून अशा प्रकरणात पहिल्या दिवसापासून दोन वह्या घाला. एकीत तुम्ही त्याच्या कामावर होता याचे पुरावे, दुसरीत मालकाच्या मालमत्तेची माहिती. पहिली वही लोक कशीबशी भरतात. दुसरी कोरी राहते आणि खरी अडचण तिथेच होते.

कायदा कोणता लागतो

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा जुना कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि भरपाईच्या तरतुदी तिच्या सातव्या प्रकरणात गेल्या. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर जुना कायदा, नंतरचा असेल तर संहिता. हिशेबाचं मूळ सूत्र दोन्हींत सारखंच आहे. खाली मी कलमं जुन्या कायद्याची देतो, कारण वकील आणि कारकून अजून त्याच आकड्यांत बोलतात. संहितेत एक चांगली भर पडली आहे: घरून कामाला जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघात कामाशी जोडता आला, तर तोही धरला जातो.

रोजंदारीवरचा, हंगामी, ठेकेदाराकडचा, हजेरीत नाव नसलेला, सगळे यात येतात. मात्र शेतातल्या कामाचं नीट समजून घ्या. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, विजेवरचं यंत्र अशा साधनांनी चालणाऱ्या शेतीकामावरचा मजूर यादीत आहे. निव्वळ खुरपणी करताना साप चावलेल्या बाईचं प्रकरण या कायद्यात बसवणं अवघड जातं. तिच्यासाठी सरकारी अनुदानाच्या योजना बघाव्या लागतात, त्या पुढे सांगतो.

दवाखान्यातली एक ओळ

सगळ्यात जास्त प्रकरणं इथे बिघडतात, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो.

जखमीला दवाखान्यात आणतो कोण? मुकादम, सुपरवायझर किंवा मालकाचा भाऊ. डॉक्टर विचारतात, कसं झालं? जखमी बेशुद्ध किंवा वेदनेने बधिर. उत्तर सोबतचा माणूस देतो. एका माणसाचा केसपेपर मी पाहिला होता. बोटं रोलरमध्ये चेंगरून चपटी झालेली, पट्टीच्या कडेला अजून रुईचे धागे चिकटलेले, आणि कागदावर लिहिलेलं, "घरी पाय घसरून पडल्याने". ती एक ओळ पुढे दोन वर्षं त्याच्या मागे लागली.

तेव्हा छत्रपती संभाजीनगरचं घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ असो, नांदेडचं विष्णुपुरी असो की तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, घरच्या माणसाने पोचल्याबरोबर केसपेपर वाचून घ्यायचा. चुकीचं लिहिलं असेल तर त्याच दिवशी ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगायचं आणि लेखी अर्ज द्यायचा, "माझा भाऊ अमुक मिलमध्ये अमुक यंत्रावर काम करताना जखमी झाला, तशी नोंद घ्यावी." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. 'एमएलसी करा' असा आग्रह धरायचा. म्हणजे ती पोलिसांना कळवायची केस होते आणि पोलीस चौकीला नोंद जाते.

खाजगी दवाखान्यात नेलं असेल तर प्रत्येक बिल, औषधाची चिठ्ठी, एक्स-रे, ॲम्ब्युलन्सची पावती जपून ठेवा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरपाईच्या वर वेगळा मिळतो आणि कायद्याने त्याला कमाल मर्यादा ठेवलेली नाही. मेडिकलवाला कच्च्या चिठ्ठीवर औषध देत असेल तर पक्कं बिल मागा.

पोलीस आणि पहिली वही

मृत्यू झाला तर आकस्मिक मृत्यूची नोंद आणि पंचनामा होतोच. जखमी असेल तर पोलीस बरेचदा "आपसात मिटवा" म्हणतात. लेखी फिर्याद द्या, पोच घ्या. गुन्हा दाखल झाला नाही तरी भरपाईचा दावा अडत नाही. पण त्या दिवशीची तारीख, जागा आणि मालकाचं नाव असलेला सरकारी कागद पुढे फार कामाला येतो. नोंदणीकृत कारखान्यातला अपघात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवा. त्यांचा चौकशी अहवाल नंतर माहिती अधिकारात काढता येतो. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर मालकाने सात दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याने तो दिला नाही, हाही पुढे तुमचाच मुद्दा.

कामावर असल्याचा पुरावा म्हणजे नेमणूकपत्र, असं समजून कुणी हताश होऊ नये. ते इथे कुणाकडेच नसतं. त्याऐवजी हे गोळा करा: फोनवर आलेल्या पगाराच्या नोंदी, मुकादमाच्या उचलीच्या वहीचा फोटो, काट्याची पावती, गेटवरची नोंद, मालकाचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप, कामावर काढलेला सेल्फी, मिलमधल्या चहावाल्याची उधारीची वही. फोनमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करतो. तोवर तो फोन विकू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

सोबतचे दोन कामगार आज बोलायला तयार असतील तर आजच त्यांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या. महिन्याभराने ते मालकाकडेच कामाला असतील आणि फोन उचलणार नाहीत. त्यांनाही पोट आहे, त्यांना दोष देऊ नये.

मालक नेमका कोण

नोटीस काढण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना, ईएसआय लागू असलेला भाग (ही भागाची अट जुन्या कायद्यातली) आणि पगार २१,००० पर्यंत, असं असेल तर मालकाने तुमची वर्गणी भरली नसली तरी तुम्ही ईएसआयच्या छत्राखाली धरले जाता. महामंडळ तुम्हाला लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करतं. मग ईएसआयच्या शाखा कार्यालयातच जायचं. कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांपुढे (ते कोण, ते पुढे येतं) भरपाईचा दावा चालत नाही. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या छोट्या वर्कशॉपमधली माणसं इथे हमखास चुकतात आणि वर्ष-दीड वर्ष चुकीच्या दारात काढतात.

दुसरी, वाहन. ट्रॅक्टर-ट्रॉली, टेम्पो, ट्रक यांचा संबंध असेल तर वाहनाचा नंबर घेऊन एमपरिवहन ॲपवर विमा बघा. मालक "विमा नाही" म्हणतो ते कामगारांच्या विम्याबद्दल असतं. ट्रॅक्टरचा विमा चालू असू शकतो. वाहन अपघाताची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे मागायची की या कायद्याखाली, हे एकदाच ठरवावं लागतं. दोन्हीकडून घेता येत नाही. वकिलाला विचारूनच ठरवा.

तिसरी, ठेकेदार. बेपत्ता होण्यात ठेकेदाराचा हात कुणी धरत नाही. पण कलम १२ प्रमाणे, काम ज्याच्या धंद्याचा भाग आहे तो मूळ मालकही जबाबदार असतो. जिनिंगमध्ये गाठी भरायला ठेकेदाराची माणसं असतील तर जिनिंगच्या मालकालाही पक्षकार करा. ऊसतोडीत मुकादम, वाहतूक ठेकेदार आणि साखर कारखाना तिघांनाही करा. कारखाना म्हणेल, तोड शेतात झाली, ती जागा आमच्या ताब्यात नाही. हा मुद्दा भांडावा लागतो आणि दर वेळी जिंकता येतोच असं नाही. पण सुरुवातीला ज्याचं नाव घातलं नाही, त्याला नंतर ओढून आणणं महाकठीण.

नोटीस

अपघातानंतर जमेल तितक्या लवकर, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. भाषा कोर्टाची नको, साधी चालते:

"मी आपल्या ____ येथील मिलमध्ये ____ पासून दरमहा ____ रुपयांवर कामाला आहे. दिनांक ____ रोजी सकाळी ____ वाजता ____ यंत्रावर काम करताना माझ्या उजव्या हाताला इजा झाली व चार बोटे गेली. ____ रुग्णालयात उपचार झाले. कायद्याप्रमाणे भरपाई व उपचाराचा खर्च एक महिन्यात द्यावा."

मालकाने पाकीट घेतलं नाही तर 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलेलं पाकीट न फोडता ठेवा. ते फोडून वाचून बघणारे मी पाहिलेत. दावा अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांत करायचा. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका.

हिशेब

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले गुणांक. कमीत कमी रक्कम अपंगत्वाला १,४०,००० आणि मृत्यूला १,२०,००० रुपये. वेतन कितीही असलं तरी हिशेबात १५,००० च्या वर धरत नाहीत; ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती. गुणांक कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेला असतो: २५ व्या वर्षी २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९.

समजा, ३५ वर्षांच्या माणसाला महिना १३,००० मिळत होते आणि एका हाताची चारही बोटं गेली. १३,००० चे ६० टक्के ७,८००. त्याला १९७.०६ ने गुणलं की १५,३७,०६८. हे झालं पूर्ण अपंगत्वाचं. चार बोटांना तक्त्यात ५० टक्के आहेत, म्हणून ७,६८,५३४ रुपये. अंगठ्याला ३० टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४० टक्के. ३० वर्षांचा माणूस दगावला आणि पगार १५,००० किंवा जास्त असेल तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. अंत्यविधीसाठी जुन्या कायद्यात किमान ५,००० वेगळे.

माणूस बरा होणार आहे, पण काही महिने घरी बसावं लागेल, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के.

मालकाने एक महिन्यात दिलं नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, असं कलम ४-अ सांगतं. वरच्या चार बोटांच्या उदाहरणात नुसतं व्याजच वर्षाला ९२,२२४ रुपये होतं. मालकाला हा आकडा पहिल्या भेटीतच कागदावर लिहून दाखवा. त्याने बोलणं बदलतं, हा माझा अनुभव आहे.

वेतनाचा पुरावा नसेल तर त्या कामाचा सरकारने ठरवलेला किमान वेतन दर तरी धरायला सांगा. आणि मालक "दारू प्यायला होता" म्हणेल, ते तयारीत ठेवा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तिथे हा बचाव चालतच नाही. बाकी इजेत तो त्याने सिद्ध करायचा असतो, आणि अपघात थेट दारूमुळेच झाला हेही दाखवायचं असतं.

पाचशेच्या बाँडवरची तडजोड

पाचव्या-सहाव्या दिवशी गावातली चार मोठी माणसं मध्यस्थीला येतात. "कोर्टात कशाला जातोस बापू, दहा वर्षं लागतील. शेठ पन्नास हजार द्यायलेत." पाचशेच्या बाँडवर लिहून घेतलं जातं, 'यापुढे माझी काही तक्रार नाही'.

भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतो. अपंगत्वाबद्दल तडजोड करायचीच तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम फार कमी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या बाबतीत तर मालकाने विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम त्याला देता येते, तेवढीच मोजली जाते. त्यामुळे घरात चूल पेटत नसेल आणि सही करून पैसे घेतले असतील, तर खचू नका. दावा मेला नाही. फक्त मिळालेली रक्कम अर्जात खरी सांगा.

अर्ज

अर्ज 'कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तां'कडे. संहितेत त्यांना 'सक्षम प्राधिकारी' म्हटलं आहे. आपल्याकडे हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश किंवा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर बघत आले आहेत. तुमच्या जिल्ह्यात सध्या कोण, हे जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना तिथून वकील फुकट मिळतो. फोन १५१००.

अर्ज कुठे करायचा, याची मोठी सवलत कलम २१ मध्ये आहे. अपघात झाला तिथे, किंवा तुम्ही राहता तिथे. बीडच्या धारूर, वडवणीची टोळी कोल्हापूर किंवा कर्नाटकात तोडीला गेली आणि तिथे माणूस गेला, तरी विधवेने दावा बीडमध्येच करावा. दर तारखेला रात्रभर एसटीत बसून जायची गरज नाही.

अपंगत्वाच्या प्रकरणात डॉक्टरची साक्ष हा कणा. सिव्हिल सर्जनचं अपंगत्व प्रमाणपत्र ठीक आहे, पण ते शरीराचं किती टक्के नुकसान झालं ते सांगतं. आयुक्तांना हवी असते कमाईची क्षमता किती गेली ती. हे दोन आकडे सारखे नसतात. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात डावा हात गेलेल्या सुताराला शंभर टक्के अपंग धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमच्या डॉक्टरने साक्षीत नेमकं हेच सांगायला हवं: हा हमाल होता, आता पोतं उचलू शकत नाही.

कायदा म्हणतो, तीन महिन्यांत निकाल लावा. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो. मालक अपिलात छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गेला, तर आधी निकालाची पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरल्याशिवाय त्याचं अपील दाखलच होत नाही. विमा नसलेल्या मालकाला हे सगळ्यात जड जातं.

दुसरी वही उघडा

मालकाचा पूर्ण पत्ता, जीएसटी क्रमांक, एमआयडीसीतला प्लॉट नंबर, बायको-मुलांच्या नावच्या फर्म, ट्रक-ट्रॅक्टरचे नंबर, तुम्हाला पगार ज्या खात्यातून आला ती बँक. त्याच्या गावचे सातबारे महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. गट नंबर घेऊन ठेवा आणि अपघाताच्या आठवड्यातच छापून काढा, त्यावर तारीख येते. ती तारीख का? कारण अपघातानंतर त्याने जमीन किंवा प्लॉट दुसऱ्याच्या नावावर केला, तरी कलम १४-अ प्रमाणे त्या स्थावर मालमत्तेवर तुमच्या भरपाईचा पहिला बोजा राहतो. अपघाताच्या दिवशी ती त्याचीच होती, हे तो कागद सांगतो.

निकालानंतर त्याने पैसे भरले नाहीत तर आयुक्तांकडे वसुलीचा अर्ज द्या. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते: वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे. इथे फाइल झोपते. दाखल्याचा जावक क्रमांक घ्या, दर पंधरा दिवसांनी तहसीलला जा, आणि सातबारे व प्लॉटची यादी स्वतः जोडून द्या. तलाठ्याने मालमत्ता शोधावी म्हणून वाट बघत बसलात तर वर्ष जाईल.

याशिवाय

बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या सुमाराला २० रुपये कापलेले दिसतात का, बघा. दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यूला २ लाख. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल आणि मृत्यू कामावर झाला असेल तर वारसाला ५ लाख. मजुराच्या घरात नावावर थोडी जमीन असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाखांपर्यंत. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज तीस दिवसांत. हे सगळं मालकाच्या भरपाईपेक्षा वेगळं आहे. मालकाला त्याची वजावट मागता येत नाही.

मृत्यूच्या भरपाईची वाटणी आयुक्त करतात. विधवा, अज्ञान मुलं, अविवाहित मुलगी, विधवा आई यांचे हिस्से ठरतात आणि मुलांचा वाटा बरेचदा बँकेत ठेव म्हणून जातो. पैसे आल्याचं कळलं की मुकादम उचलीचा हिशेब घेऊन दारात येतो, सावकारही येतो. कलम ९ प्रमाणे ही रक्कम जप्त होत नाही, गहाण पडत नाही आणि कोणतंही येणं तिच्यातून वळतं करता येत नाही. मुकादमाची उचलही नाही.